फुटपाथवरची शिरगणती

मुंबईत बेघर माणसं किती, असं विचारलं की आजही बहुतेक अहवालांत आणि बातम्यांत एक आकडा हमखास भेटतो : सुमारे ५७ हजार. हा आकडा २०११च्या जनगणनेचा आहे आणि तो एका रात्रीत गोळा झालेला आहे. ती रात्र २८ फेब्रुवारी २०११ची. घराघरांतली मोजणी ९ फेब्रुवारीपासून वीस दिवस चालली. ज्यांना घर नाही त्यांच्या वाट्याला शेवटची एक रात्र आली. त्यानंतर शहरात मेट्रोचे खांब उभे राहिले, पुलांखालच्या जागांना जाळ्या लागल्या, एक महामारी येऊन गेली. २०२१ची जनगणना झालीच नाही. आकडा मात्र तोच राहिला.

मी एका महापालिकेच्या समाज विकास विभागात समूह संघटिका म्हणून नोकरी केली. बचत गट, शिवणवर्ग, दिव्यांगांचे अर्ज, बेघरांचे निवारे, सगळं आमच्याच टेबलावर यायचं. त्यामुळे असे आकडे तयार होतात ती जागा मी आतून पाहिली आहे. सरकारी आकडा चुकला म्हणजे कुणीतरी खोटं लिहिलं, असं लोकांना वाटतं. खोटं लिहिलं जातंही. पण माझ्या हातून गेलेले बहुतेक आकडे प्रामाणिकपणे लिहिलेले होते आणि तरीही गरिबांबद्दल ते फार थोडं सांगत होते. जास्त सांगत होते ते आमच्याबद्दल : आम्ही किती वाजता गेलो, कुठवर गेलो, कुणाला पाहिलं आणि पाहिलेल्याला कोणत्या रकान्यात घातलं.

जनगणनेच्या लेखी बेघर कुटुंब म्हणजे इमारतीत किंवा घर म्हणता येईल अशा जागेत न राहणारं कुटुंब. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या किंवा मंडपाच्या उघड्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर राहणारी माणसं. वाचायला व्याख्या नेमकी आहे. ती घेऊन रात्री अकरा वाजता शहरात उतरलं की पहिल्या तासाभरातच प्रश्न सुरू होतात.

सरकारी रुग्णालयाच्या आवारात चटया अंथरून नातेवाईक झोपलेले असतात. त्यांचं गावी घर आहे, कुणाची दोन एकर जमीनही आहे, पण पेशंटची केमो चालू आहे म्हणून महिना-महिना ते इथेच आहेत. यांना धरायचं का? मंगल कार्यालयाच्या मागच्या बोळात आचारी आणि वाढपी झोपतात. लग्नसराई संपली की त्यांतले निम्मे दिसणार नाहीत. बांधकामावरचा बिगारी पत्र्याच्या खोपटात राहतो. त्या पत्र्यांना घर म्हटलं की तो बेघरांच्या यादीतून गेला. फुटपाथवर तीन बाजूंनी ताडपत्री बांधून चूल मांडलेलं कुटुंब एका मोजणाऱ्याला झोपडीत राहणारं वाटतं, दुसऱ्याला उघड्यावरचं. दोघांनीही डोळ्यांना दिसलं तेच लिहिलेलं असतं. फक्त दोन वॉर्डांच्या बेरजा आता एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत.

यापेक्षा मोठा घोळ वेळेचा आहे. रस्त्यावरची एकटी बाई रात्री अकराला झोपत नाही. ती एसटी स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसते, गाडीची वाट बघणाऱ्या बाईसारखी. किंवा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीच्या दाराशी, जिथे रात्रभर उजेड असतो आणि माणसांची ये-जा असते. डोळा लागतो तो पहाटे, दूधवाल्यांची वर्दळ सुरू झाल्यावर, कारण तेव्हा रस्ता जागा झालेला असतो. देवळाबाहेर गजरे विकणाऱ्या एक मावशी मला दुपारी नेहमी भेटायच्या. त्या कुठेही घर करून राहत नव्हत्या हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी रात्रीच्या यादीत त्या कधी आल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, रात्री कुणी टॉर्च मारला की मी उठून चालायलाच लागते. पोलीस आहे, दारूडा आहे का तुम्ही आहात, मला अंधारात काय कळणार?"

पारधी कुटुंबांचंही तसंच. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण रात्री कागद घेऊन नाव-गाव विचारायला येणारा माणूस कशासाठी येतो, याबद्दलचा त्यांचा अनुभव काही त्या साली रद्द झाला नाही. फुलबाजार आणि भाजी मार्केटातले हमाल मध्यरात्रीनंतर कामावर असतात. त्यांची झोप दिवसा, हातगाडीखाली. आणि एखाद्या मोठ्या पाहुण्याचा दौरा ठरला की मुख्य रस्त्यावरचे फुटपाथ दोन दिवसांत मोकळे होतात. त्या आठवड्यात मोजणी झाली तर शहरातले बेघर कमी झाले, असंच कागदावर येणार.

एकूण बेरीज किती फसवी असते, ते देशाच्या आकड्यांत पाहा. २००१ साली भारतात १९.४३ लाख बेघर मोजले गेले आणि २०११ साली १७.७३ लाख. म्हणजे संख्या घटली. पण शहर आणि गाव वेगळं केलं की दिसतं, गावांतली संख्या ११.६४ लाखांवरून ८.३४ लाखांवर आली आणि शहरांतली ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली. शहरात वीस टक्क्यांहून जास्त वाढ, आणि मथळा मात्र घट झाल्याचा. महापालिकेच्या अंदाजपत्रकाला शहरांतला आकडा हवा असतो आणि भाषणात एकूण बेरजेचा ऐकू येतो.

आता कार्यालयातलं गणित. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण वर्तमानपत्रात छापून येणारे बहुतेक आकडे इथून निघतात.

समजा, एका निवाऱ्यात ५० खाटा आहेत. रोज रात्री येणारा माणूस हजेरीवहीत सही करतो किंवा अंगठा लावतो. महिनाअखेरीस वहीची बेरीज होते आणि ती ठरलेल्या प्रपत्रात वरच्या कार्यालयाला जाते. सगळ्या खाटा रोज भरल्या तर वर्षाच्या नोंदी होतात १८,२५०. प्रपत्रातल्या रकान्याचं नाव असतं 'लाभार्थी संख्या'. त्यामुळे वार्षिक अहवालात १८,२५० लाभार्थी येतात. यात कुणीही काही लपवलेलं नाही. वही तपासली तर प्रत्येक अंगठा खरा निघेल. पण हे १८,२५० म्हणजे वर्षभर तिथेच राहिलेली ५० माणसं असतील, किंवा चार-चार दिवस राहून गेलेली साडेचार हजार. पहिल्या निवाऱ्यातल्या माणसांना वृद्धापकाळाचं पेन्शन, रेशनकार्ड, कायमचं घर हवं आहे. दुसऱ्या निवाऱ्यातल्या माणसांना स्टेशनजवळ आणखी खाटा आणि नाक्यावर काम हवं आहे. अहवाल वाचून आयुक्तांना यातलं काहीच कळत नाही. ज्या समितीसमोर तो जातो, तिलाही नाही.

असंच बाकीच्या योजनांचं. एकच बाई शिवणवर्गाला बसली, बचत गटाची सभासद झाली आणि तिच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, तर विभागाच्या गोषवाऱ्यात तीन लाभार्थी. तिची शेजारीण कशातच नाही, तर ती कुठल्याच वहीत नाही. प्रत्येक योजनेचं रजिस्टर वेगळं आणि ते सांभाळणारा लिपिकही वेगळा. बेरीज होते ती गोषवाऱ्यात.

त्यातही मला सर्वांत जास्त खटकायचा तो निरंक अहवाल. दर महिन्याला क्षेत्रीय कार्यालयांकडून माहिती मागवली जाते : रस्त्यावर आढळलेली मुलं, भिक्षेकरी, निवाऱ्यात पोहोचवलेले वृद्ध. बऱ्याच ठिकाणांहून 'निरंक' असं उत्तर येतं. एखाद्या ठिकाणी कर्मचारी खरोखर फिरलेला असतो आणि त्याला कुणी सापडलेलं नसतं. दुसऱ्या ठिकाणी पदच रिकामं असतं, अतिरिक्त कार्यभार असलेल्या बाईंकडे चार प्रभाग असतात आणि फिरायला कुणी गेलेलंच नसतं. दोन्हीकडचा कागद सारखाच दिसतो. मुख्य कार्यालयात त्याचं शून्य होतं, शून्याची सरासरी निघते, आणि पुढच्या वर्षी त्या प्रभागासाठी तरतूद कमी मागितली जाते, कारण तिथे गरजच दिसत नाही. जिथे मोजायला माणूस नाही, तिथल्या गरिबांना मदतही मिळू नये, असा हा नियम कुणीही न करता होऊन बसलेला आहे. हे मला आजही सहन होत नाही.

मार्च महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. तरतूद ३१ तारखेला संपते आणि उद्दिष्ट त्याआधी गाठायचं असतं. शेवटच्या पंधरवड्यात लाभार्थ्यांची संख्या उडी मारते. त्या उडीकडे बघून लोकांची गरज मार्चमध्ये वाढते, असं कुणी म्हणू शकेल का?

हे फक्त आपल्याकडेच होतं, असं समजू नका. इंग्लंडमध्ये प्रत्येक स्थानिक परिषद दर शरद ऋतूत एका रात्रीचा आकडा देते : काही परिषदा प्रत्यक्ष मोजतात, काही अंदाज बांधतात. मोजणीत धरला जातो तो झोपलेला किंवा झोपायच्या बेतात असलेला माणूस. रात्रभर चालत राहणारा सुटतो. डिसेंबर २०१५मध्ये तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने हे आकडे राष्ट्रीय सांख्यिकीच्या दर्जाला उतरत नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. तरी दरवर्षी वाढ-घट त्यांवरूनच सांगितली जात राहिली. २०१९च्या शरदात संपूर्ण इंग्लंडचा आकडा होता ४,२६६. मार्च २०२०मध्ये कोविड आला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला आत घ्या, असा आदेश निघाला. जानेवारी २०२१पर्यंत त्या मोहिमेतून मदत मिळालेल्यांची संख्या ३७ हजारांवर गेली. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत हे खरं. एक एका रात्रीचा, दुसरा जवळपास दहा महिन्यांचा, आणि दुसऱ्यात रस्त्यावर यायच्या बेतात असलेलेही आहेत. पण खोल्या किती लागतील याची तयारी पहिल्या आकड्यावर केली असती, तर काय झालं असतं, हे उघड आहे. लंडनमध्ये तर दोन्ही प्रकारच्या नोंदी शेजारी-शेजारी आहेत. तिथे रस्त्यावर भेटलेल्या प्रत्येक माणसाची एकदाच, त्याच्या नावाने नोंद ठेवणारी वेगळी पद्धत आहे. २०१९च्या एका रात्री तिथे १,१३६ माणसं मोजली गेली. २०१९-२० या वर्षभरात कधी ना कधी रस्त्यावर झोपलेली वेगवेगळी माणसं निघाली १०,७२६.

मला मनापासून आवडलेली युक्ती न्यूयॉर्कची. तिथल्या महापालिकेचं बेघर सेवा खातं जानेवारीतल्या एका रात्री स्वयंसेवकांना घेऊन मोजणी करतं. त्या रात्री शहरात काही माणसं मुद्दाम बेघरांच्या वेशात बसवून ठेवतात. मोजणारे त्यांच्यापर्यंत पोहोचले की नाही, हे नंतर तपासतात आणि त्यावरून किती खरी माणसं निसटली असतील याचा हिशोब करतात. २००५च्या मोजणीत संशोधकांनी ५८ जागी अशी माणसं बसवली होती. त्यांतल्या १७ जागी ती मोजली गेली नाहीत. म्हणजे दर दहा जागांपैकी जवळपास तीन जागी मोजणाऱ्यांच्या नजरेतून माणूस सुटला, आणि ही माणसं तर दिसावीत म्हणूनच बसलेली होती. लपून राहणाऱ्यांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. या युक्तीला फार पैसा लागत नाही. आपल्याकडे तर समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी दरवर्षी आमच्याच विभागात येतात.

बेघरांचंच उदाहरण मी इतकं लांबवलं, कारण त्यात दोष उघडे दिसतात. इतर ठिकाणी ते झाकलेले असतात. दिव्यांगांचं घ्या. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, आठ प्रकारांत. २०१६च्या कायद्यात प्रकार झाले २१. महापालिकेच्या यादीत मात्र ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे तेवढेच येतात, आणि प्रमाणपत्र काढायला शासकीय रुग्णालयात चकरा माराव्या लागतात. ज्याला चालता येत नाही, त्यालाच सर्वांत जास्त. कुपोषणाचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातली १९.३ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली, महाराष्ट्रात २५.६ टक्के. अंगणवाड्यांतून भरल्या जाणाऱ्या पोषण ट्रॅकरमध्ये देशाचं हेच प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास दिसतं. सर्वेक्षण घरोघरी नमुना निवडून जातं, ट्रॅकर अंगणवाडीत नाव असलेल्या आणि वजन-उंची घेतलेल्या मुलांचा आहे. दोघांचा काळही वेगळा. पण सिग्नलवरचं, बांधकामावरचं, आज इथे आणि उद्या तिथे असणारं मूल कुठल्या यादीतून आधी गळतं, हे कुणालाही सांगता येईल.

मुंबईत एकदा गोष्ट उलट्या बाजूने झाली होती. जुलै १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला. फुटपाथवरच्या वस्त्या हटवायला महापालिकेला वाट मोकळी झाली होती. तेव्हा 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्याच्या बाजूच्या ई वॉर्डातल्या फुटपाथवासीयांची शिरगणती केली, जवळपास सहा हजार कुटुंबांची. त्या अहवालाचं नाव होतं 'वुई, द इन्व्हिजिबल'. पुढे त्याच फुटपाथवरच्या बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं आणि वस्तीची मोजणी वस्तीतल्या बायकांनीच करण्याची पद्धत रुजली. कुठल्या झोपडीत किती चुली आहेत, कोण कामावर गेलंय, कोण बाळंतपणाला गावी गेलीय, हे त्यांना विचारावं लागत नाही. रात्रपाळीचा माणूस त्यांच्या यादीतून सुटत नाही, कारण तो कुणाचा तरी नवरा असतो.

आकड्यांमुळे काय अडतं, तेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या आदेशांपासून नियम असा आहे की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. मुंबईची २०११ची लोकसंख्या धरली तर १२४ निवारे होतात. हा नियम एकूण लोकसंख्येवर बांधलेला आहे, बेघरांच्या संख्येवर नाही, हे फार बरं झालं. तरीही सभेत निवाऱ्याचा विषय निघाला की कुणीतरी ताज्या पाहणीचा कमी आकडा काढतो आणि एवढ्या निवाऱ्यांची गरजच काय, असं विचारतो. त्या वेळी ती पाहणी कोणत्या महिन्यात झाली, किती वाजता झाली, किती माणसांनी केली, कोणते प्रभाग राहिले, हे विचारायला सभागृहात कुणी उठत नाही, कारण ही माहिती त्या कागदावर छापलेलीच नसते.

ती छापायला लावणं आपल्या हातात आहे. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम प्रत्येक कार्यालयाला आपल्या योजना आणि लाभार्थ्यांची माहिती कुणी न मागता जाहीर करायला सांगतं. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एवढंच मागा : हा आकडा माणसांचा आहे की नोंदींचा, मोजणीची तारीख आणि वेळ काय, व्याख्येत कुणाला धरलं आणि कुणाला वगळलं, आणि ज्या प्रभागांतून निरंक आलं तिथे समूह संघटिकेचं पद भरलेलं होतं का. आकड्याखाली या चार ओळी असल्या, तर तो आकडा लहान असो वा मोठा, त्यावर भांडता येतं, आणि पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तो ताडून पाहता येतो. माझी तक्रार कमी आकड्याबद्दल कधीच नव्हती. खाली काहीही न लिहिलेल्या आकड्याबद्दल होती.

आता नवी जनगणना येते आहे. लोकसंख्येच्या मोजणीची संदर्भवेळ १ मार्च २०२७ची मध्यरात्र आहे. नोंदी मोबाइल अॅपवर होणार आहेत आणि कुटुंबांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही आहे. ज्यांच्याकडे दार नाही, त्यांच्यापर्यंत मात्र पुन्हा कुणाला तरी चालतच जावं लागेल. आमच्या शहरातल्या मोजणी पथकांत निम्म्या बायका असाव्यात, एसटी स्टँड आणि रुग्णालयांची आवारं यादीत आधीच लिहून ठेवावीत, महिनाभर आधीपासून फुटपाथ मोकळे करण्याची कारवाई थांबवावी, आणि दुसरी फेरी पहाटे चार वाजता व्हावी, असं पत्र मी आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिलं आहे. त्याला जोडून ठिकाणांची एक यादीही दिली आहे. ती मी आणि गजरेवाल्या मावशींनी मिळून केली.